बापाचा पत्ता

सरळ कबुलीनंच सुरुवात करतो, नंतर काय शिव्या घालायच्या त्या घाला. मी खोटं बोललो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या दारात फॅमिली कोर्टाचा बेलीफ आला. छत्री मिटली, पिशवीतनं ओला कागद काढला, नाव वाचलं. नाव आमच्या साथीचं. माझ्याबरोबर रात्रभर भिंती रंगवणारा, मोर्चात माझ्या शेजारी उभा राहून लाठी खाल्लेला, माईक हातात आला की मनूची सालटी काढणारा साथी. बेलीफ म्हणाला, "इथं बसायला असतात म्हणे. घराला कुलूप आहे." मी म्हणालो, "असायचे. आता कुठं गेले, कल्पना नाही."

कल्पना होती. पुण्याच्या बाजूला कंपनी कुठली, खोली कुठली, शिफ्ट कितीची, सगळं माहीत होतं. दोन दिवस आधी त्याचाच फोन आलेला. "बेलीफ येईल. तू फक्त माहीत नाही म्हण यार, बाकी मी बघतो." बेलीफनं गुडघ्यावर कागद ठेवून खरडलं: घर बंद, शेजारी चौकशी केली, ठावठिकाणा मिळून आला नाही. त्यातला शेजारी म्हणजे मी.

कागदावर त्याच्या बायकोचं नाव होतं, अर्जदार नंबर एक. खाली चार वर्षांच्या पोरीचं नाव. अर्जदार नंबर दोन. बालवाडीत जिला अजून स्वतःचं नाव लिहिता येत नाही, ती कोर्टात अर्जदार आहे आणि बाप आहे फरार. आणि फरार बापाला लपवणारा मी, शाहू-फुले-आंबेडकर म्हणत दोन्ही हात वर करणारा.

आता यात एवढं काय झालं, असं काही जण म्हणतील. एक नोटीस परत गेली. दोस्तहो, सगळं तिथंच होतं. पोटगीचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून ती संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आता ते कलम १४४. त्यात लिहिलंय की अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. वाचायला झकास. पण ते साठ दिवस मोजायचे कधीपासून? समोरच्याला नोटीस लागल्यापासून. नोटीस लागलीच नाही तर साठाचा पहिला दिवसच उगवत नाही. बाप गाव बदलतो, खोली बदलतो, सिमकार्ड बदलतो, आणि पोरीचं घड्याळ बंद पडून राहतं. त्याला कायद्याचं पुस्तक वाचावं लागत नाही, एक खोटं बोलणारा दोस्त पुरतो.

मुद्दाम नोटीस चुकवणाऱ्याच्या गैरहजेरीत खटला चालवायची सोय त्याच कायद्यात आहे. पण तो मुद्दाम चुकवतोय, हे दाखवायचं कुणी? घरकाम करणाऱ्या बाईनं एक दिवसाचा खाडा करून वांद्र्याला जायचं, तारीख घ्यायची, परत यायचं. वहिनीचे असे सहा खाडे झाले.

मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्याच शाळेतला. माझा बाप १९९८ साली कुवेतला गेला. मी सहा वर्षांचा. चार महिने पैसे आले, एकदा ब्लँकेट आलं, त्याच्यावर वाघ होता. मग काही आलं नाही. तिकडून आलेल्यांनी सांगितलं, आहे, बरा आहे, दुसरीकडं कामाला लागलाय. आईला चाळीतल्या एका शहाण्यानं सांगून टाकलं, केस करायची तर जिथं नवरा असेल तिथं करावी लागते. म्हणजे कुवेतला! आई गप बसली. साफ चुकीचं होतं ते. बाई जिथं राहते तिथल्याच कोर्टात पोटगीचा अर्ज करता येतो, हे १९७३ च्या संहितेत तेव्हाही होतं. नव्यातही आहे. नवरा पळाला म्हणून बायकोनं त्याच्यामागं गावोगाव हिंडायचं नाही. ही एक ओळ आईला कुणी सांगितली असती तर! सांगणारे होते की. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून क्रांतीवर बोलत होते.

तेव्हा अर्ज केला असता तरी काय मिळालं असतं, तेही ऐका. १९७३ च्या संहितेनं पोटगीला वरची मर्यादा घातलेली, सगळी मिळून महिना पाचशे रुपये. ती मर्यादा केंद्रानं २००१ मध्ये काढली. आणि हे कलम फौजदारी कायद्यात कसं घुसलं? इंग्रजांच्या संहितेत ते आलं त्यामागं बायका-पोरांची कळकळ नव्हती, टाकलेली बायका-पोरं रस्त्यावर येऊन भीक मागतील, चोऱ्या करतील, ही सरकारची धास्ती होती. भीतीपोटी का होईना, दिलं. आमच्या साथीला तेवढी भीतीसुद्धा नाही.

पण पैशाचं दुखणं मला नंतर समजलं. त्याच्याआधी समजलं ते कागदाचं. बारावीनंतर जातीचा दाखला आणि पडताळणी. खिडकीवर विचारलं, वडलांचा शाळा सोडल्याचा दाखला? आजोबांचा? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आम्हाला जातीनं जन्मभर चटके दिले, आता ती जात सिद्ध करायला बापाच्या बाजूचा कागद पाहिजे, आणि बाप कागदासकट गायब. आई मराठवाड्यात बापाच्या गावी गेली. शाळेतनं दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळाला. आजोबाची कोतवाल बुकाची नक्कल चुलत्याच्या पेटीत होती. चुलता म्हणाला, "भाऊ सांगील तवा दीन. तू आता आमची कोन?" आई दोन दिवस त्याच्या ओट्यावर बसून राहिली. जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चुलतीनं तो नसताना पेटी उघडली. माझी इंजिनियरिंगची फी माफ झाली ती त्या चुलतीमुळं. व्यवस्थेनं नाही, बापानं नाही, एका अंगठाछाप बाईनं चोरी करून.

पुढाऱ्यांनो, ही गोष्ट तुमच्या आरक्षणाच्या भाषणात का येत नाही? बापानं टाकलेलं पोर म्हणजे सवलतीच्या दारापाशी अडकलेलं पोर. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या पोरांच्या नावात आईचं नाव आलं, सरकारी कागदावर आधी पोराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. चांगलं झालं. पण दाखल्याच्या खिडकीवर अजून बापाचंच खानदान विचारतात. आईकडच्या पुराव्यावर दाखला द्या म्हणून सांगणारे कोर्टाचे निकाल आहेत, पण ते मिळवायला कोर्टात जावं लागतं. सहीचंही तेच. १९५६ च्या कायद्यानं बाप पहिला नैसर्गिक पालक, आई 'त्याच्यानंतर'. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 'नंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, तो गैरहजर असेल, पोराकडं बघत नसेल, तरी आई पालक. निकालाला पंचवीस वर्षं उलटली. शाळेतल्या हेडक्लार्कपर्यंत तो अजून पोचायचाय.

(१९५६ च्या त्या कायद्यात आपल्याला, बौद्धांना, हिंदू म्हणून कोंबलंय. तो झगडा वेगळा आहे, तो लढूच. पण तो पुढं करून पोरीच्या दुधाचे पैसे बुडवायचे नाहीत.)

आता आमच्या साथीचं म्हणणं. त्याची बाजू मी त्याच्याच तोंडून ऐकली आहे, तशीच मांडतो. पहिलं म्हणतो, लग्न विहारात झालं, रजिस्टर नाही, सिद्ध कर म्हणावं. अरे गड्या, हे कलम पोराला विचारतच नाही तुझ्या आईबापाचं लग्न झालं होतं का. औरस असो, अनौरस असो, पोर ते पोर. शब्द घाणेरडे आहेत, पण कायदा इथं तुझ्यापेक्षा सरळ आहे. आणि ज्या विहारात बाबासाहेबांच्या फोटोसमोर पांढरे कपडे घालून उभा राहिलास, ते लग्न खोटं म्हणतोस, ते कुणाचं वकीलपत्र घेऊन?

दुसरं म्हणतो, ती आपणहून घर सोडून माहेरी जालन्याला गेली, पोरीला घेऊन. मग कसली पोटगी? गेली होती, खरं आहे. तू भाडं थकवलंस म्हणून गेली. तीन महिन्यांनी काम शोधत परत आली. पण समज, आपणहून गेली. कारण नसताना वेगळं राहणाऱ्या बायकोची पोटगी अडवणारं पोटकलम आहे, ते बायकोपुरतं आहे. पोरीला ते लागू नाही. पोरीनं कुणाचं घर सोडलं? तिला कडेवर घेऊन नेलं. आणि बायकोच्या बाबतीतही, नांदायला जा असा कोर्टाचा हुकूम असताना ती गेली नाही तरी तेवढ्यानं तिची पोटगी जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय.

तिसरं म्हणतो, पोरीला भेटू देत नाही, मग पैसे कशाला? हे पुष्कळ जण म्हणतात, आणि म्हणताना डोळ्यांत पाणीही आणतात. यात एक खरं आहे ते मान्य करतो. पोराला बाप लागतो. भांडणाचा सूड म्हणून पोराला बापाच्या नजरेआड ठेवणारी आईसुद्धा पोराचंच नुकसान करते, आणि अशा बाया आपल्या वस्तीत आहेत. पण भेट आणि पोटगी हे तराजूचे दोन पाट नाहीत की एकात टाकलं तर दुसऱ्यात टाकीन. भेट अडवली तर भेटीचा अर्ज कर. पोर जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात ताब्याचा आणि भेटीचा अर्ज होतो, १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. तिथं बापाचा हक्क, आईचा हक्क असं आधी बघत नाहीत, पोराचं हित बघतात. पाच वर्षांखालचं पोर साधारणपणे आईकडं. लांब गावी राहणाऱ्यासाठी २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टानं फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलायच्या हक्काची गोष्ट केली. पुण्यात बसून रोज संध्याकाळी पोरीशी बोलता येतं. तू कधी अर्ज केलास? नाही. कारण अर्जावर तुझा पत्ता लिहावा लागतो.

आणि आईनंही हे ध्यानात ठेवावं. कोर्टाचा ताब्याचा किंवा भेटीचा हुकूम असेल तर पोराला घेऊन गाव बदलताना आधी कोर्टाला सांगावं, परवानगी मागावी. खोलीचं भाडं परवडत नाही, माहेरी म्हातारी सांभाळायला आहे, काम तिकडं मिळतंय, ही कारणं सांगण्यासारखी आहेत, लपवण्यासारखी नाहीत. भेटीला कुणी कुणाकडं यायचं, एसटीचं भाडं कुणी भरायचं, सुट्टीत पोर किती दिवस कुणाकडं, हे लिहून घ्यावं. रोजंदारीवाल्याला जालना-मुंबई म्हणजे दोन दिवसांची मजुरी. कोर्टाच्या हुकुमात ते आलं नाही तर भेट कागदावरच राहते. उलट बाजूनं बाप जर शाळेतनं पोर उचलून गावी घेऊन गेला आणि म्हणाला, आता पोर इथं राहतं, इथल्या कोर्टात या, तर तसं होत नाही. नेहमीचं राहणं कुठलं हे पुरावा बघून ठरतं, चार दिवस पळवून नेल्यानं पत्ता बदलत नाही.

चौथं सगळ्यात अवघड. त्यानं मला विचारलं, "घरचं भांडण तू पोलिसाच्या, कोर्टाच्या हातात देणार? ज्यांनी आपल्याला तुडवलं, त्यांच्या हातून साथीला आत टाकणार?" ह्या प्रश्नावर मी चार महिने अडकलो. खोटं बोललो तेही याच प्रश्नाच्या आडोशाला. आपल्या पोरांना लॉकअपमध्ये काय होतं ते मला माहीत आहे. नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला, ज्याला आठवड्यात तीन दिवस काम, त्याला महिनाभर आत टाकून पोराला काय मिळतं? काही नाही. उलट तो बाहेर येतो तोवर नाक्यावरची जागा गेलेली. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद, असा कायदा आहे, आणि आत बसल्यानं देणं फिटत नाही, हेही सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्ये कुलदीप कौर खटल्यात सांगून ठेवलंय. गरिबाच्या बाबतीत मला हे पटत नाही, म्हणजे आत टाकायचं. देणं फिटत नाही हे पटतं. ज्याची कमाई खरंच गेली त्यानं रक्कम कमी करून मागावी, परिस्थिती बदलली की रक्कम बदलून घ्यायची तरतूद आहे. पळणारा ते मागत नाही, कारण मागायचं तर कमाई दाखवावी लागते.

पण साथी, तू नाक्यावर नाहीस. तुला महिना अठ्ठावीस हजार पगार आहे, बँकेत जमा होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं की दोघांनीही आपली मिळकत, खर्च, कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायची, आणि हुकूम पैशाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता यायचा. म्हणजे पगार जप्त. साध्या कर्जासाठी पगाराला हात घालताना कायदा बराच भाग राखून ठेवतो, पोटगीसाठी मात्र फक्त एक तृतीयांश राखतो. तुला कुणी लॉकअपात घालत नाही, कंपनीच्या अकाउंटंटला एक कागद जाईल इतकंच. हुकूम मुंबईचा असला तरी तू जिथं असशील तिथला मॅजिस्ट्रेट तो बजावू शकतो, पुणे काही परदेश नाही. परदेश अवघड आहे. इथला कागद समुद्रापलीकडं आपोआप चालत नाही, पोराच्या पोटगीचा २००७ चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात नाही. कोर्टाचं समन्स किंवा वॉरंट असेल तर पासपोर्ट जप्त करता येतो, तेवढी एक दोरी हातात आहे. माझ्या आईच्या वेळी तीही कुणी दाखवली नाही.

आणि घरचं भांडण घरात मिटवायचं म्हणता, तर तेही केलं होतं ना आपण. वस्तीच्या बैठकीत, पाच शहाणे, मीही त्यात. चाळीस हजार एकरकमी, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, यापुढं पोरीसाठी काही मागणार नाही. वहिनीनं सही केली कारण त्या दिवशी भाडं भरायचं होतं. पोरीचा हक्क आईला असा विकून टाकता येत नाही, तो कागद कोर्टात टिकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चाळीस हजारात चौदा वर्षं कशी निघतील हे तर कळत होतं? पाचही जणांना कळत होतं. आम्ही जातपंचायतीवर थुंकतो आणि सतरंजी टाकून तेच करतो.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपद सोडलं, त्यामागं इतर कारणं होती, पण हिंदू कोड बिल बुडवलं हे मोठं कारण होतं. बायकांच्या वारसाहक्कासाठी, घटस्फोटासाठी, पोटगीसाठी त्या माणसानं खुर्ची सोडली. आपल्याला खुर्ची सोडायची नाही, खुर्ची आहे कुठं? महिन्याला पाच-सात हजार सोडायचेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आपल्या शाखांनी हे घरगुती समजून बाजूला सारू नये. बाईनं केस केली तर बेलीफला पत्ता सांगणं हे संघटनेचं काम समजा. वकील मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मिळतो, पोराला मिळतो, अनुसूचित जातीच्या माणसाला मिळतो, उत्पन्न न विचारता. आपल्या बाया तिन्ही दारांतनं आत जाऊ शकतात आणि आपण त्यांना एक दार दाखवत नाही. आणि पोटगी थकवणाऱ्याला, तो कितीही चांगला बोलो, स्टेजवर घेऊ नका. थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. वर्ष गेलं तर वॉरंटचा रस्ता बंद होतो. तेवढी तारीख वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवा, जयंतीच्या वर्गणीच्या शेजारी.

हे लिहिण्याआधी मी साथीला फोन केला. सांगितलं, पत्ता देणार आहे. तो आधी हसला. मग म्हणाला, बाईसाठी चळवळ फोडतोस. मग गद्दार म्हणाला आणि ठेवला. वस्तीतल्या तिघांनी बोलणं बंद केलंय.

रविवारी वहिनीच्या खोलीवर गेलो. पोरगी जमिनीवर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी कागद दिला. खोलीचा पत्ता, कंपनीचा पत्ता, शिफ्टची वेळ. वहिनीनं उभ्याउभ्या वाचला, परत वाचला.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं भावजी?"

म्हणालो, "जूनपासून."

तिनं कागदाची घडी केली, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी फळीवर ठेवली. चहा विचारला नाही.